सात नावांची यादी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, घरात कोणी कोणाशी वाकडं बोलायचं नाही, असा यमुताईंचा दंडक होता. गावातली ईडापीडा मिरवणुकीबरोबर वेशीबाहेर चालली असताना आपण कशाला नवी ओढून आणायची, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे त्या रविवारी सकाळपासून महाल पेठेतल्या त्या घरात सगळे असे काही गोड बोलत होते, की गोपिकेला संशय यायला तेवढंच पुरेसं होतं.

तसा तिचा संशय काही आजचा नव्हता. चांगला सोळा दिवसांचा होता. तिने मोजले होते.

वामनराव, म्हणजे तिचे थोरले दीर, घरातल्या सगळ्यांचे दादा, सरकारी हिशेबतपासणी कचेरीत एस्टॅब्लिशमेंटचे, म्हणजे नेमणुका-पगारांच्या शाखेचे, सुपरिंटेंडेंट होते. तिचा नवरा मुकुंद त्याच कचेरीत कारकून. आणि दादांचा जावई अनंत, तोही दोन वर्षांपूर्वी तिथंच चिकटला होता. त्या साली, म्हणजे एकतीस साली, दिल्लीहून हुकूम आला, की मंदी आहे, सरकारची तिजोरी आटली आहे, तेव्हा कचेरीच्या पगाराची रक्कम महिना पाचशे रुपयांनी कमी. आता तेवढ्यात बसवा. कोणाला ठेवायचं, कोणाला घरी धाडायचं, कोणाची बढती रोखायची, ही मांडणी दादांच्या टेबलावर आली. त्या दिवसापासून दादा कागद घरी आणू लागले आणि देवघराशेजारच्या फडताळात कुलूप लावून ठेवू लागले. त्या घरात लोणच्याच्या बरणीलासुद्धा कधी कुलूप नव्हतं हो! किल्ली तर त्यांच्या जानव्यालाच असायची.

आणि श्रावणीच्या दिवशी घात झाला. दादांनी जुनं जानवं काढलं, नवं घातलं आणि किल्ली जुन्याबरोबर ताम्हनात तशीच राहिली. दादा पंक्तीला बसले. ताम्हन उचलायला गोपिका गेली. पुढचं काय सांगायचं? ती काही चोर नव्हती. पण नवऱ्याच्या पोटावर पाय येणार की काय, या विचाराने हुकूम आल्यापासून जिला झोप नव्हती, तिच्या हातात देवाने किल्ली ठेवली होती, असं ती स्वतःला सांगत होती.

फडताळात वरच एक टंकलेला कागद होता. इंग्रजी नावं तिला लावता येत होती. भंडाऱ्याच्या तहसिलीत नाझर असलेल्या वडिलांनी तेवढं शिकवलं होतं. सात नावं होती, पुढे सातांचे पगार, आणि खाली दादांच्या हातची पेन्सिलीची बेरीज, पाचशे चार. पाचवं नाव मुकुंदाचं होतं, पगार पंचाहत्तर. तिने यादी तीनदा वाचली. अनंताचं नाव कुठेच नव्हतं. तेवढ्यात माजघरातून कोणीतरी भाताला हाक मारली आणि तिने कागद जागच्या जागी ठेवला. खाली आणखी कागद होते. ते बघायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला आता बघायचंही काही उरलं नव्हतं.

मुकुंदाला तिने अक्षरानेही कळू दिलं नाही. पण आठ दिवसांनी, कोतवालीजवळच्या लाल पेटीत, तिने एक पाकीट टाकलं होतं. त्यालाही आता आठ दिवस होऊन गेले होते.

"गोपिके, तू बस गं. वडे मी तळते," इंदुताई म्हणाल्या. इंदुताई म्हणजे दादांच्या पत्नी, तिच्या थोरल्या जाऊ. बारा वर्षांत त्यांनी कढईपुढची जागा आपणहून घेतली नव्हती की कोणाला 'बस' म्हटलं नव्हतं. आज वडाभाताचा बेत होता आणि त्यांचे डोळे लाल होते.

"धूर झाला काय?" गोपिकेने विचारलं.

"हो ना, लाकडं ओली आहेत."

लाकडं चांगली खणखणीत वाळलेली होती. गोपिकेनेच रचली होती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने ओळखलं. मनाला लागलं असेल, ती मनात म्हणाली; दिराच्या ताटात माती कालवताना लागणारच थोडं.

पलीकडे पाटावर प्रेमिला पाय पसरून बसली होती. दादांची ही एकुलती एक लेक, अनंताची बायको. सातवा महिना लागला म्हणून माहेरी आणलेली. ती एकदम म्हणाली, "काकू, माझं बाळंतपण खाप्याला झालं, तर येशील का गं तू पंधरा दिवस?"

"खाप्याला काहून? पहिलं बाळंतपण माहेरी असते," उंबऱ्यात वाती वळत बसलेल्या यमुताई म्हणाल्या. दादांची ही विधवा बहीण घरात सगळ्यांहून मोठी. "सासरी कोणी करते का वं?"

"प्रेमिले, तू पाणी पी आणि गप बस," इंदुताई इतक्या घाईने म्हणाल्या, की झारा कढईवर आपटला.

खाप्याला अनंताच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. हे आता खाप्याचं काय मध्येच? गोपिकेने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. दोघींनी माना खाली घातल्या. आम्हाला बाहेर काढायचं आणि आपण तेवढे दिवस खाप्याला सरून साळसूद दिसायचं, असा हिशेब तिने बांधला. तो तिला अगदी पक्का बसला.

"वन्सं," ती यमुताईंच्या कानाशी लागली, "या घरात काहीतरी शिजतंय."

"शिजून राहिलं ना. वडाभात," यमुताई म्हणाल्या. पण पूर्वी विहिरीवरून जावा-जावांत तंटा झाला होता, तेव्हापासून त्या गोपिकेच्या बाजूच्या होत्या, म्हणून त्यांनी आवाज उतरवला. "मलेही दिसते. आठ दिवस झाले, वामन्या माह्याशी बोलला नाही. पण आजचा दिवस जाऊ दे."

पुरुषांची पंगत बसली. दादा मधोमध, एका अंगाला मुकुंद, दुसऱ्या अंगाला अनंत. रस्त्यावरून मिरवणूक परतत होती; पोरं अजून घसा फोडून ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत!" गोपिका तूप वाढत होती. अनंताच्या पानात वडे तसेच पडले होते. दादांनी स्वतः त्याच्या भातावर कढी ओतायला लावली आणि म्हणाले, "जेव बाबा. पोटभर जेव." मुकुंदाला मात्र काही म्हणाले नाहीत. हेही तिने टिपलं.

"दादा," मुकुंद म्हणाला, "कचेरीत म्हणतात, उद्या साहेब सही करणार. यादीवर."

"पानावर कचेरी नको," दादा म्हणाले.

"नाही, मी आपलं—"

"नको म्हटलं ना."

तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. कचेरीचा चपराशी रामाजी, सुटीच्या दिवशी पट्टा लावून उभा होता.

"साहेबानं धाडलं जी," तो म्हणाला. "म्या म्हटलं, आज सन हाय, उद्या देतो. तर म्हणे, आजच दे आन् सही घेऊन ये."

दादांनी डाव्या हाताने पाकीट घेतलं, सही केली. पाकीट फोडून आतला कागद पाहिला. मग दुसरा पाहिला. गोपिकेच्या हातातली तुपाची वाटी कलली, कारण तो दुसरा कागद तिने ओळखला होता. दुकानातून आणलेला, निळसर रेघांचा.

दादांनी दोन्ही कागद पाटाखाली सरकवले आणि जेवायला लागले. पानातलं शीतही टाकायचं नाही हा त्यांचा नेम. त्यांनी शेवटचा वडासुद्धा सावकाश खाल्ला, वर ताक प्यायले. सगळे बघत होते, कोणी घास उचलत नव्हतं. इतकं लांबलेलं जेवण त्या घरात कोणी पाहिलं नसेल.

हात धुऊन ते बैठकीत आले. "सगळ्यांनी या," ते म्हणाले. "बायकांनी पण."

"अरे, त्याहीची जेवणं व्हायची हायेत," यमुताई म्हणाल्या.

"अक्का, नंतर."

सगळे जमले. प्रेमिला दाराला टेकून उभी राहिली. दादांनी चष्मा लावला आणि निळसर कागद उघडला.

"साहेबांकडे एक निनावी पत्र आलं आहे. मराठीत. वाचतो. 'कलम एक. सुपरिंटेंडेंट वामनराव यांनी पगारकपातीच्या यादीत सात इसमांची नावे घातली असून एकूण रक्कम पाचशे चार होते. कलम दोन. सदरहू यादीत त्यांनी आपल्या सख्ख्या भावाचे नाव घालून आपला जावई, जो नोकरीत सर्वांत नवा, त्यास वाचविले आहे. कलम तीन. हे न्यायास धरून नाही. सबब विनंती की चौकशी व्हावी. आपला आज्ञाधारक.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पुढे सही नाही."

"कोण हरामखोर आहे हा?" मुकुंद उसळून उठला. मग एकदम थांबला. "दादा... माझं नाव आहे यादीत?"

"होतं. साहेबांनी स्वतः केलेली यादी ती. वरच्या पगाराची सात माणसं कमी केली की पाचशे भागतात. सोपं काम. त्यांनी टंकून माझ्याकडे पाठवली, तपासायला." दादांनी पत्र खाली ठेवलं. "वीस दिवस मी त्या यादीशी झगडतोय. शेवटी बसवलं. पंचेचाळीस रुपयांचे चार नवे गडी कमी करायचे, आणि उरलेल्या एकशेदहांची या सालची तीन रुपयांची बढती रोखायची. माझीसुद्धा. एकशेऐंशी आणि तीनशेतीस. पाचशे दहा. सातही जण राहतात. साहेबांनी तोंडी होकार दिला होता, उद्या सही व्हायची होती."

"चार नवे कोण?" मुकुंदाने विचारलं.

उत्तर अनंताने दिलं. "त्यांत मी एक. मला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं यांनी. मी म्हटलं, चालेल. खाप्याला दुकान आहे, भागेल आमचं. काकांचं कसं भागणार?"

इंदुताईंचे लाल डोळे, खाप्याचं बाळंतपण, अनंताच्या पानातले वडे, सगळं गोपिकेसमोर एका क्षणात उलटं फिरलं. तिला स्वतःची इतकी किळस आली, की अंगावरचं लुगडंसुद्धा नकोसं झालं.

"मग झालं तर!" यमुताई म्हणाल्या. "पत्र खोटंच हाये. फाडून टाक नं."

"साहेबांनाही ठाऊक आहे खोटं आहे ते. यादी त्यांचीच. पण लिहिणाऱ्याने ती पाहिली आहे, अक्का. सात नावं, पाचशे चार, आकड्याला आकडा बरोबर. ही साहेबांची चिठ्ठी." त्यांनी दुसरा कागद उचलला. "ते म्हणतात, यादी फुटली. उद्या हाच माणूस दिल्लीला लिहील, की सुपरिंटेंडेंटने यादी बदलली आणि बदललेल्या यादीतून त्याचा भाऊ गळाला. दिल्लीवाले पुढचं वाचणार नाहीत. तेव्हा तुमची मांडणी मी बाजूला ठेवतो. माझी पहिली यादी आहे तशी जाईल. आणि कागद बाहेर कसा गेला, याचा खुलासा उद्या अकराच्या आत द्या."

दारातून प्रेमिलाचा आवाज आला. "म्हणजे... यांची नोकरी राहिली?"

"प्रेमिले!" इंदुताई ओरडल्या. पण पोरीच्या तोंडावर जे उमटायचं ते उमटून गेलं होतं, आणि इंदुताईंच्या तोंडावरही, ओरडता ओरडताच. गोपिकेने ते पाहिलं. त्यांचा राग करायलाही तिला आता जागा उरली नव्हती. अनंत तेवढा खाली बघत राहिला.

मुकुंदाने हात पुढे केला. "बघू."

दादांनी पत्र दिलं. मुकुंदाने ते पाहिलं. अक्षर तिरपं करून लिहिलं होतं, वेलांट्या मुद्दाम वेड्यावाकड्या काढल्या होत्या. पण बारा वर्षं वाणसामानाच्या याद्या ज्याने वाचल्या, त्याला काय कळायचं राहतं? त्याने मान वर केली. गोपिकेकडे मात्र पाहिलं नाही.

"मी लिहिलं," तो म्हणाला. "म्हणजे लिहवून घेतलं. बाहेरून."

"तू?" दादा म्हणाले. "मुकुंदा, सात वर्षं तुझे मसुदे तपासतोय मी. तुझा समास कधी सरळ आला आहे? हा बघ. पाव पान कसं रेषेत मोडलं आहे. कलमांना आकडे, शेवटी 'सबब', वर 'आज्ञाधारक'. बाजारातला माणूस निनावी पत्र लिहितो तेव्हा शिव्या लिहितो. समास सोडत नाही. हे कचेरीच्या घरात वाढलेल्या माणसाचं काम आहे, आणि चांगल्या शिकवलेल्या माणसाचं."

लहानपणी गोपिकेचे वडील मांडीवर कागद ठेवून तिच्याकडून घडी घालून घ्यायचे. अर्ज असा लिहायचा, बाळ, डावीकडे साहेबाच्या शेऱ्याला जागा. पत्र लिहिताना तिने बोटांनी आपोआप तीच घडी घातली होती. नाव लपवायचं आहे, हे तिच्या ध्यानात होतं. घडी लपवायची हे मुळी सुचलंच नाही. पत्र मिळाल्याचा शेरा साहेबाने मारला होता तो बरोब्बर त्याच जागेत.

"यांचा काही संबंध नाही," गोपिका म्हणाली. "श्रावणीच्या दिवशी किल्ली ताम्हनात राहिली होती, दादा. मी फडताळ उघडलं. मीच लिहिलं. पेटीत पण मीच टाकलं. यांना आजच कळून राहिलं."

"गोपिके!" यमुताईंच्या हातातल्या वाती खाली पडल्या. "मी तुह्या बाजूनं भांडत आली या घरात. अन् तू आपल्याच घराचा कागद साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला?"

"वन्सं, मला वाटलं—"

"का वाटलं? वामन्यानं तुले कधी कमी केलं काय?"

"जावई हो वन्सं!" गोपिकेच्या डोळ्यांतून आता पाणी यायला लागलं. "पोटच्या पोरीचा संसार एकीकडे आणि भाऊ एकीकडे. कोण भावाला ठेवील? तुम्हीच सांगा, मी काय समजायला हवं होतं?"

दादांनी कागदाची घडी घातली. ते रागावतील, ओरडतील, घराबाहेर व्हा म्हणतील, या सगळ्याची तिने तयारी केली होती.

"तिचं सगळंच चुकलं नाही, अक्का," ते शेवटी म्हणाले. "साहेबांचंही नाही. उरलेल्या सहांसाठी मी वीस दिवस डोळे फोडले नसते. पाचवं नाव मुकुंदाचं दिसलं, म्हणून पेन्सिल घेतली. बाकीचे त्याच्याबरोबर वाचत होते, एवढंच. मी पक्षपात केला, गोपिके. तुझा संशय खराच होता. फक्त माणूस चुकला तुझा."

इंदुताई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. त्या रडत होत्या की आणखी काही, हे गोपिकेला कळलं नाही, आणि त्यावर तर्क करायची हिंमतही तिला झाली नाही.

"खुलाशात काय लिहाल?" मुकुंदाने विचारलं.

"जे झालं ते. कागद घरी नेला, किल्ली विसरली, माझ्या हयगयीने फुटला. कोणी पाहिला ते लिहिणार नाही. एस्टॅब्लिशमेंट काढून घेतील माझ्याकडून. घेऊ देत." दादा उठले. "बायकांनी जेवून घ्या. भात निवून गेला असेल."

कोणी जेवलं नाही. यमुताईंनी वाती गोळा केल्या आणि प्रेमिलाच्या शेजारी जाऊन बसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या इंदुताईंच्या बाजूला बसल्या होत्या.

मुकुंद मागच्या अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर बसला होता. गोपिका जवळ जाऊन उभी राहिली. त्याने तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"तीन महिन्यांचा पगार देतात म्हणे," तो म्हणाला. "पुढे बघू. इतवारीच्या बाजारात कोणाकडे वह्या लिहायचं काम असलं तर..." ते त्याने अर्धंच सोडलं.

"मला मारा हवं तर," ती म्हणाली. "पण बोला."

"सोळा दिवस," तो म्हणाला. "सोळा दिवस तू माझ्याशेजारी बसून भाजी निवडलीस, माझी टोपी झटकून दिलीस. एकदा विचारायचं होतंस मला. एवढंच, की दादा असं करतील का?"

गोपिकेने पदराने डोळे पुसले. खोटं बोलायचं आता तिच्या अंगात त्राण नव्हतं.

"विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, दादा असं करणार नाहीत."

"म्हटलंच असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

मुकुंदाने मान हलवली. आतून यमुताईंनी उरलेलं जेवून घ्यायला हाक मारली, पण नाव फक्त त्याचंच घेतलं.